हाडांतून ऐकू येणारा आवाज

तो उठून उभा राहिला तेव्हा त्या हॉलमध्ये दुसरं कोणीच उभं नव्हतं. काहीजण भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, आणि बरेचजण सरळ फरशीवरच आडवे झाले होते, डोळे मिटून, हात छातीवर ठेवून. समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत उजेडाच्या राखाडी रेघा सावकाश वर सरकत होत्या. तो आपला उभा. एक पाऊल पुढे टाकलेलं, उजवा हात जरा पुढे आलेला, जणू समोर काहीतरी आहे आणि ते उचलायचंय. मागून कोणीतरी हलकेच म्हणालं, "काका, बसता का जरा? दिसत नाहीये." तेव्हा त्याला उमगलं, की आपण बाटलीतलं पाणी बघायला उठलोय. इथे बाटली नाही. ती ज्या मशीनला लावलेली असायची ते मशीनही नाही. मशीन कंपनीनं परत नेलं त्याला वर्ष होत आलं. पण आवाज तोच होता. खाली सलग घरघर, तिच्यावर ठरावीक अंतरानं सुटणारा एक फुस्स, आणि या सगळ्याच्या आडून पाण्यातले बुडबुडे. बाटलीतलं पाणी खाली गेलं की बुडबुड्यांचा आवाज कोरडा होतो. आत्ता तो कोरडा होता. म्हणून त्याचे पाय उठले होते. त्याला न विचारता.

तो खाली बसला. आवाज चारी बाजूंनी येत होता, एखाद्या खोलीएवढा मोठा करून, फरशीतून मांड्यांपर्यंत चढत. त्याच्या वडिलांचं, अप्पांचं, ऑक्सिजनचं मशीन. कपाटाच्या खालच्या खणाएवढं, चाकांवरचं, मळकट पांढरं, ऑक्सिजन ओला करायला पाण्याची बाटली लावलेलं. ते अप्पांच्या पलंगाशी आलं त्या दिवशी अप्पा म्हणाले होते, "चला, घरात आणखी एकजण घोरणारा आला." त्यानंतर ते थांबलं नाही. घरातली बाकीची सगळी कामं त्या आवाजाच्या आत होत गेली: कुकर, अंघोळ, इस्त्री, अप्पांची दाढी. टीव्ही त्याच्यावर ऐकू यावा म्हणून मोठा लावायचा. अप्पांशी बोलायचं ते त्याच्यावरून, मोठ्यानं आणि मोजकं. मशीन गेल्यावरही टीव्हीचा आवाज तेवढाच राहिला. शेजारच्या वहिनी एकदा दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, जरा हळू करता का?" त्यानं हळू केला. मग त्याला वाटलं, आता लावून तरी काय करायचंय. त्यानं बंद केला.

अप्पा गेल्यावर लोक म्हणत होते, रडून घे. आत्या म्हणाली, मावसभाऊ म्हणाला, खात्यात अप्पांच्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारे म्हातारे ड्राफ्ट्समन घरी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. तो "हो" म्हणायचा. त्याला काही हरकत नव्हती, पण रडायला कुठून सुरुवात करतात तेच त्याला आठवेना. सकाळी उठायचं, डबा भरायचा, हॉस्पिटलात कामाला जायचं. तिथे कानाच्या विभागात एक छोटी बंदिस्त खोली आहे, भिंतींना जाड फोम लावलेली, दार फ्रिजच्या दारासारखं घट्ट बसणारं. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून सांगायचं, "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." मग एकेक सूर कमी करत न्यायचा. कोणी ऐकू येत नसतानाही दाबतं, ऐकू येत नाही हे मान्य करायला नको म्हणून. कोणी ऐकू येऊनही दाबत नाही. तो आलेख काढायचा, डॉक्टरांकडे पाठवायचा. मधल्या सुट्टीत कधीकधी त्या खोलीत एकटाच जाऊन बसायचा. दार लावलं की तिथे इतकं शांत होतं की स्वतःच्या मानेतलं रक्त ऐकू येतं. त्याला तिथे बरंही वाटत नसे आणि वाईटही वाटत नसे. सुट्टी संपली की तो बाहेर यायचा.

भिंतीवरच्या रेघा आता जाड होत होत्या, मध्येच थरथरत होत्या. फुस्स झाला की त्या सगळ्या एकदम एका बाजूला झुकायच्या, वाऱ्यानं पडदा झुकावा तशा. हे डोळ्यांचं काम धाकटीबरोबर काम करणाऱ्या त्या दाढीवाल्या मुलाचं असणार. आणि आवाजाचं काम धाकटीचं. ती हॉलच्या मधोमध एका बुटक्या टेबलामागे अनवाणी उभी होती, मान खाली घालून, दोन्ही हात खटक्यांवर. चेहऱ्यावर खालून निळा उजेड. त्याची धाकटी बहीण, त्याच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. जन्मली तेव्हा अशी काही रडायला लागली की अप्पांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव भोंगा ठेवलं, आणि ते टिकलं. पुढे शिकायला लांब गेली, तिथलीच झाली. ती लिफ्टचे, फ्रिजचे, रिकाम्या पाइपांचे आवाज गोळा करते आणि त्यांचं काहीतरी करते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा लोकांना सांगायचे, "आमची मुलगी फ्रिजकडून गाऊन घेते. मला तो साधा बर्फही देत नाही." या बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाजांचा आणि उजेडाचा असा महोत्सव आहे, त्यात माझं काम आहे, दादा, ये, असा तिचा मेसेज आला होता. खाली लिहिलं होतं, "यायच्या आधी एक फोन कर. नक्की कर." त्यानं केला नव्हता. विसरला असंही नाही. रोज आठवायचा, आणि रोज वाटायचं, करू.

दारात त्यांनी मनगटाला कागदी पट्टा बांधला होता आणि कानात घालायला फोमचे बोळे दिले होते. बोळे चांगल्या प्रतीचे होते. त्यानं ते खिशात ठेवले होते. आता काढून घालावेत असं एकदा वाटलं. त्यानं घातले नाहीत. ज्या फरशीवर तो बसला होता तिच्यावर जुन्या यंत्रांच्या जागा फिकट चौकोनांच्या रांगांनी उमटलेल्या होत्या, आणि प्रत्येक चौकोनात कोणीतरी झोपलेलं होतं. त्याच्या शेजारच्या चौकोनात एक मुलगी होती, कॉलेजातली असावी. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला. तिला काय माहीत? हे मशीन तिनं कधी ओढत संडासापर्यंत नेलं नाही, त्याची जाळी धुतली नाही, वीज गेली की सिलिंडरची चावी शोधत धावली नाही. आणि रडतेय ती. त्याला तिचा राग येईल असं वाटलं. त्यानं जरा वाटही पाहिली. राग आला नाही.

आवाज थांबला तो एकदम. लोक क्षणभर तसेच पडून राहिले, मग टाळ्या. ती मुलगी उठून बसली, नाक ओढून मैत्रिणीला म्हणाली, "समुद्र होता ना तो?"

"मला तर कोणीतरी झोपलंय असं वाटत होतं," मैत्रीण म्हणाली.

दोघी निघून गेल्या. भिंतीला लावलेले काळे पडदे कोणीतरी सरकवले आणि बाहेरची भर दुपार आत आली. इतक्या उन्हाची त्याला कल्पनाच नव्हती. लोक डोळ्यांवर हात धरून बाहेर पडत होते. धाकटी वायरी गुंडाळत होती. त्याला बघून ती थांबली, वायर हातातच.

"फोन नाही केलास."

"राहिला."

"इतके दिवस?"

त्यानं टेबलाकडे बघितलं. चपटे डबे, दिवे, साबणाच्या डबीएवढा एक काळा रेकॉर्डर. तो रेकॉर्डर त्यानं पूर्वी पाहिला होता. धाकटी शेवटची आली होती तेव्हा अप्पांच्या औषधांच्या ट्रेशेजारी पडलेला असायचा. त्याला वाटायचं चार्जर आहे.

"ते मशीन होतं," तो म्हणाला.

"हो."

"अप्पांचं."

"हो रे दादा. तेच सांगायचं होतं. तू ऐकायच्या आधी सांगायचं होतं. मेसेजमध्ये कसं लिहिणार?" ती भराभरा बोलत होती. "तुला आवडलं नसेल तर सांग. म्हणजे आवडण्याचा प्रश्न नाही. तुला चालत नसेल तर."

"पाणी कमी होतं."

"काय?"

"बाटलीत. तू रेकॉर्ड केलंस तेव्हा. पाणी संपत आलं होतं."

वायर टेबलावर ठेवत ती म्हणाली, "हो. मग तू येऊन भरलंस. आहे ते त्यात."

"कशात?"

"मूळ रेकॉर्डिंगमध्ये. मी पुढचं कापलंय. नुसतं मशीन ठेवलं. बोलणं सगळं काढून टाकलं."

बोलणं. त्यानं तो शब्द ऐकला आणि तो त्याच्या आत कुठे जाऊन पडला ते त्याला कळलं नाही. अप्पांचं बोलणं त्याच्याकडे कुठेच नव्हतं. फोटो होते, खात्यानं दिलेलं घड्याळ होतं, चष्मे होते. शेवटचं वर्षभर अप्पा त्याच्याशी बोलले ते उशी, नळी, भात मऊ, भात कडक, पंखा. तोही तेवढंच बोलला. दोघं गडी एका घरात राहिले, एकमेकांची सगळी घाण-धुणी माहीत असलेले, आणि बोलायचं म्हटलं की पंखा. याचं त्याला तेव्हा काही वाटलं नव्हतं. वेळच नव्हता.

"लाव," तो म्हणाला.

"आत्ता? इथे? दादा, घरी जाऊन ऐक ना, मी पाठवते तुला."

"लाव."

तिनं लॅपटॉप उघडला, त्याला हेडफोन दिले. ते त्यानं सवयीनं तांबडी बाजू उजवीकडे करून घातले. आधी मशीनच. आता ते मूळच्या मापाचं होतं, भिंतीएवढं नाही, पलंगाशेजारी होतं तेवढंच. लांब कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी. ती आपल्याच घरातली. म्हणजे आपण स्वयंपाकघरात आहोत. मग अगदी जवळ, कानाच्या पाळीशी, अप्पा.

"भोंग्या, झोपलीस का?"

"नाही अप्पा. तू झोप ना."

धाकटी अप्पांना अरे-तुरे करायची. तो कायम अहो-जाहो. कधी ठरलं, कोणी ठरवलं, देव जाणे.

"याचा आवाज त्रास देत नाही का रे तुला?" धाकटीनं विचारलं.

"सवय झाली गं. आता हा थांबला की मी दचकून जागा होतो." फुस्स. अप्पा दम घेत होते. "आणि मी थांबलो की हा होईल दचकून जागा. बिचारा."

आणि ते हसले. ते हसणं म्हणजे अर्धा खोकला होता, वर खरखर, मध्ये दम, आणि शेवटी तोच जुना बारीक हिसका, लहानपणी बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले की आतपर्यंत ऐकू यायचा तो. त्याला वाटलं होतं ते हसणं आजारपणात कधीतरी गेलं, दातांसारखं. ते गेलं नव्हतं. भिंतीपलीकडे, तो कुकर उतरवत असताना, ते चालू होतं. धाकटीही हसत होती, तोंडावर हात दाबून. त्यानं समोर बघितलं. समोरची धाकटी हसत नव्हती. ती नखं कुरतडत त्याच्या तोंडाकडे बघत होती.

हेडफोनमध्ये दार उघडलं. जड पावलं. एका पुरुषाचा आवाज आला, मोठा, सपाट, कोरडा. "पाणी संपलंय. कळत नाही का कोणाला? नळी नीट करा. गोळी घेतली? घेतली का? हां. दुपारची वेळ आहे, पडून राहा. बोलू नका." पाणी ओतल्याचा आवाज. बुडबुडे पुन्हा भरदार झाले. झाकण फिरवल्याचा करकर आवाज.

त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "हा कोण?"

"कोण?"

"हा माणूस. पाणी भरतोय तो. अप्पांना बघायला ब्रदर ठेवला होता का आपण? मला आठवत नाही." मनात तो चेहरे आठवून बघत होता. मशीनवाला नव्हे. गल्लीतला कंपाउंडर असेल, तो असाच बोलायचा, पेशंटकडे न बघता. कोणी का असेना, अप्पांशी असं बोलायचं काय कारण? म्हातारा माणूस आहे, आजारी आहे, जरा नीट बोललं तर काय बिघडतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीत काहीतरी हललं, आणि तो राग होता, स्वच्छ, त्या माणसाबद्दल.

धाकटीचा हात तोंडापासून खाली आला. "दादा," ती म्हणाली. "तूच आहेस तो."

तो हसल्यासारखा झाला. नाही, असं म्हणणार होता. मग त्याला कुकर आठवला. घरात तिसरं कोणी नव्हतंच. त्यानं हेडफोन पुन्हा कानावर ओढला, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. दार बंद झालं. पावलं लांब गेली. थोडा वेळ नुसती घरघर. मग अप्पा, कुजबुजत, "गेले का हेडमास्तर?"

"अप्पा!" धाकटी फिसकन हसली.

"हसू नकोस. येतील परत छडी घेऊन." फुस्स. "अगं, तो आहे म्हणून पाणी भरलं जातंय. तुझ्या-माझ्यावर सोडलं असतं तर आपण गप्पाच मारत बसलो असतो, बुडबुडे संपेपर्यंत." पुन्हा ते हसणं, आता बारीक, चोरून, मास्तर ऐकतील म्हणून दाबलेलं. त्यानंतर खोकला. त्यानंतर नुसतं मशीन. रेकॉर्डिंग पुढे बराच वेळ चालू होतं. तो ऐकत राहिला. अप्पांचा श्वास हळूहळू लांब होत गेला आणि ते झोपले.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळून. "रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज वेगळाच वाटतो," तो म्हणाला. "आपण आपला आवाज नुसता कानांनी ऐकत नाही. कवटीतून, जबड्याच्या हाडांतूनही ऐकतो. त्यामुळे आपल्याला तो जास्त भरीव वाटतो. बाहेरून पातळ येतो. पेशंट नेहमी विचारतात."

"हो," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांचंच होतं तसं."

"हो दादा."

दाढीवाला मुलगा लांबून काहीतरी विचारायला येत होता, यांच्याकडे बघून परत वळला. धाकटीनं लॅपटॉप मिटला. "चल, बाहेर जाऊ. इथे गुदमरतंय." ती मागच्या दारानं निघाली, तो तिच्यामागे. बाहेर एक अरुंद गल्ली होती, डांबरी, एका बाजूला एक्स्चेंजची मागची भिंत आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी गोदामाचं पत्र्याचं शटर. सावली कुठेच नव्हती.

"उद्या परत आहे हा प्रयोग," ती म्हणाली. "परवा पण. काढू का? तू म्हणशील तसं. दुसरं काहीतरी वाजवीन मी, माझ्याकडे लिफ्ट आहे."

त्यानं विचार केला. खरोखरच केला. फरशीवरच्या चौकोनांत झोपलेली माणसं आठवली, कानाकडे ओघळणारं पाणी आठवलं. "मशीन राहू दे," तो म्हणाला. "ऐकू दे लोकांना. पुढचं मात्र नको. पुढचं आपलं आहे."

यात रडण्यासारखं काय होतं ते त्याला कळलं नाही, पण धाकटीचा चेहरा एकदम वाकडा झाला, आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली. लहानपणीसारखं भोंगा लावून नव्हे, आवाज न करता, तोंड उघडं. "आपलं म्हणतोस," ती म्हणाली. "मला फोन केलास तेव्हा काय म्हणालास आठवतंय? अप्पा गेले. सकाळी. घाई करू नकोस, मी सगळं केलंय. बस. एवढंच. असं, त्याच आवाजात. मी तिकडे फोन हातात धरून उभी. मला वाटलं मला कोणीतरी सरकारी ऑफिसातून कळवलंय. माझा बाप गेला आणि तू मला रांगेत उभं केलंस, दादा."

त्याला तो फोन आठवत होता. आपण तिला किती जपून सांगितलं, हे आठवत होतं. तिनं धावपळ करू नये, विमानात एकटीनं रडत येऊ नये म्हणून शब्द निवडले होते. गॅलरीत उभं राहून आधी एकदा म्हणूनही बघितलं होतं. आपल्याला तो आवाज मऊ वाटला होता. अगदी मऊ. तो आतून ऐकत होता. काहीतरी सांगायला हवं होतं, निदान एवढं तरी, पण तोंड उघडलं तर कोणता आवाज बाहेर येईल याची त्याला खात्री वाटेना. आयुष्यात पहिल्यांदाच तो बोलायला घाबरला. धाकटी रडत होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. त्यानं खाली बघितलं. ती तशीच आली होती, अनवाणी. डांबर उन्हानं मऊ पडून चकाकत होतं.

"पायात काही नाही का?" तो म्हणाला. "तापलंय खाली. कळत नाही का?"

बोलता बोलताच त्याला ते ऐकू आलं. हाडांतून नव्हे, गोदामाच्या शटरवर आपटून परत आलेलं, मोठं, सपाट, कोरडं. दार उघडून आत आलेला तो माणूस. धाकटीनं मान वर केली. नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्यातूनच तिला हसू फुटलं, दाबायचा प्रयत्न करूनही न दबणारं.

तो हसला नाही. त्यानं वाकून आपल्या चपला काढल्या आणि तिच्या पायांपुढे सरकवल्या. त्याच्या तळव्यांना चटका बसला, चांगलाच. तो हलला नाही. मग आवाज खाली आणून, त्याला आणता येईल तेवढा खाली आणून, तो पुन्हा म्हणाला,

"तापलंय गं खाली."